तीव्र स्वादुपिंडदाहातील प्रतिमाचित्रण

स्वादुपिंडाला (जुन्या मराठी संदर्भग्रंथांत अग्निपिंड) अचानक येणाऱ्या दाहाचे कारण, व्याप्ती व उपद्रव पाहण्यासाठी सोनोग्राफी, सीटी व एमआरआय वापरतात. निदान बहुधा चित्रणाविनाच होते. सुधारित अटलांटा वर्गीकरणानुसार (या आजाराचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, २०१२) विशिष्ट पोटदुखी, रक्तातील लायपेज वा अमायलेज (स्वादुपिंडाची पाचक विकरे) सामान्य कमाल पातळीच्या किमान तिप्पट आणि चित्रणातील खुणा या तिन्हींपैकी दोन निकष पुरतात.

सोनोग्राफी सर्वच रुग्णांत करतात, ती मुख्यतः दाहाचे कारण असू शकणारे पित्ताशयातील खडे शोधण्यासाठी. आतड्यांत साचलेल्या वायूमुळे स्वादुपिंड पुष्कळदा झाकले जाते. ‘स्वादुपिंड दिसले नाही’ हा शेरा निरोगीपणाचा दाखला नव्हे.

सीटीमध्ये आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट (रक्तपुरवठा असलेला भाग चित्रात उजळवणारे द्रव्य) शिरेतून सेकंदाला ३–४ मिलि. वेगाने देऊन सुमारे ४० व ७० सेकंदांनी छेद घेतात. जिवंत ऊतक उजळून सुमारे १०० हौन्सफील्ड एककांपर्यंत (सीटीवरील घनतेचे माप) किंवा त्यापुढे जाते. मृत भाग ३० च्या आत राहतो. दुखणे सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत केलेल्या तपासणीत ऊतकमृत्यू प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, म्हणून सीटी त्यानंतर करणे बरे. निदानच संशयास्पद असेल, उदा., जठरव्रण फुटल्याची शंका असेल, तर मात्र थांबू नये. लवकर दिलेल्या कॉन्ट्रास्टने दाह बळावतो, असे काही प्राणिप्रयोगांत दिसले. माणसांत ते सिद्ध झालेले नाही.

तीव्रता मोजण्याच्या पद्धतीबाबत मतभेद आहेत. क्ष-किरणतज्ज्ञ बाल्थाझार यांनी १९८५ मध्ये सीटीवरून ए ते ई अशा पाच श्रेणी (० ते ४ गुण) मांडल्या. १९९० मध्ये त्यांत ऊतकमृत्यूचे गुण (३०% पेक्षा कमी २, ३०–५०% ला ४, त्याहून जास्त ६) मिळवून १० गुणांचा निर्देशांक केला. त्यात द्रवसंचय (स्वादुपिंडाभोवती साचलेला द्रव) एक की अनेक यावरून श्रेणी बदलते आणि इथेच दोन तपासनीसांचे गुण जुळत नाहीत. २००४ च्या सुधारित निर्देशांकात ही मोजणी नाही. ऊतकमृत्यूच्या पायऱ्या घटवून फुप्फुसावरणातील पाणी, शिरांतील गुठळी यांसारख्या उपद्रवांना २ गुण दिले आहेत. वापरास तो सोपा. भाकिताच्या अचूकतेत मात्र दोहोंत फारसा फरक आढळत नाही.

एमआरआयचे बलस्थान संचयाच्या आत दिसते. सीटीवर निव्वळ पाण्यासारखा वाटणारा संचय टी२ चित्रात (द्रव उजळ दाखवणारा एमआरआयचा प्रकार) घन मृत तुकड्यांनी भरलेला निघतो. असा संचय बारीक नळीने काढू गेल्यास नळी तुंबते. पित्तनलिकेतील खड्यांसाठी एमआरसीपी (पित्त व स्वादुपिंडनलिकांचे एमआरआय चित्रण) उपयुक्त, पण अगदी बारीक खडे तिच्यातून निसटतात. तिथे एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (तोंडावाटे दुर्बीण आत घालून केलेली सोनोग्राफी) सरस. श्वास रोखू न शकणाऱ्या अत्यवस्थ रुग्णात एमआरआयची चित्रे हलतात.

संचयातील वायूचे बुडबुडे सीटीवर स्पष्ट दिसतात. ते जंतुसंसर्ग सुचवतात, परंतु आतड्याशी जोडमार्ग झाल्यानेही येतात. साधारण चार आठवड्यांनी संचयाभोवती भिंत तयार होते. त्यात नळी घालण्यापूर्वी प्लीहा रोहिणीचा आभासी फुगा (रोहिणीची भिंत फाटून बाजूला रक्त साचून झालेला फुगवटा) नाही ना, हे रोहिणी टप्प्यातील (कॉन्ट्रास्ट रोहिण्यांत असतानाच्या) सीटीवर पाहावे. तो नजरेतून सुटला तर जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो.