चकतीवरचा सूर्य मावळतो कुठे?

पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर तिच्यावरून फिरणारा सूर्य कितीही लांब गेला तरी देवांना दिसतो तसा माणसांना सतत का दिसत नाही? भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या गोलाध्यायात हा प्रश्न विचारला. (देव म्हणजे मेरूवरचे, उत्तर ध्रुवावरचे, तिथे सूर्य सहा महिने मावळत नाही.) पावणेनऊशे वर्षं झाली, प्रश्न तसाच उभा आहे.

सपाटवाद्यांचा आजचा नेहमीचा नकाशा असा: मधोमध उत्तर ध्रुव, कडेला अंटार्क्टिकाची बर्फाची भिंत, आणि चकतीच्या वर सुमारे ५,००० किमी उंचीवर गोल फिरणारा, जेमतेम ५० किमी व्यासाचा सूर्य. हा सूर्य खाली जातच नाही, नुसता लांब जातो. रेल्वेचे रूळ दूरवर एकत्र आलेले दिसतात, तसा तो जमिनीला टेकलेला भासतो म्हणे.

मग रुळांचाच नियम लावून पाहू. विषुवदिनी (दिवस-रात्र सारखी असते त्या दिवशी) सूर्य विषुववृत्तावर, म्हणजे मध्यापासून १०,००० किमीवर असतो. मुंबई सुमारे ७,९०० किमीवर. माध्यान्हानंतर सहा तासांनी सूर्याची पाव फेरी होते. तेव्हा त्याच्या खालची जमीन मुंबईपासून सुमारे १२,७०० किमी दूर असेल. उंची ५,००० किमी. म्हणजे प्रत्यक्षात सूर्य मावळत असताना चकतीवरचा सूर्य क्षितिजाच्या २१ अंश वर हवा: हात लांब करून धरलेल्या दोन मुठी एकावर एक, एवढा! मध्यरात्रीसुद्धा तो १५ अंशांच्या खाली उतरत नाही.

वातावरणातलं वक्रीभवन, म्हणजे हवेतून येताना प्रकाशाचं वाकणं, मदतीला येत नाही. ते सूर्याला वर उचलतं, क्षितिजाजवळ अर्ध्या अंशाहून थोडं जास्त. इथे तर सूर्य २१ अंश खाली आणायला हवा. सूर्याला टॉर्चसारखी टोपी बसवली, म्हणजे त्याचा प्रकाश ठरावीक भागावरच पडतो असं मानलं, तर तो आकाशातच विझेल. खऱ्या सूर्यास्तासारखा खालून सरळ रेषेत कापला जाणार नाही.

दिशेची अडचण तर मला याहून मोठी वाटते. विषुवदिनी सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो. चकतीवर तो उत्तरेपासून ५२ अंशांवर, जवळपास वायव्येला दिसायला हवा. होकायंत्र घेऊन कोणीही पाहावं.

आकार घरीच मोजता येतो. पुठ्ठ्याला १ मिमीचं भोक पाडा, २ मीटरवर पांढरा कागद धरा. सूर्याची प्रतिमा १९ मिमीच्या आसपास येते. भोकातून सूर्याकडे पाहू नका. दुपारी बारा-साडेबाराला एकदा आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी एकदा मोजा. चकतीच्या हिशेबाने दुसरी प्रतिमा ८-९ मिमीच भरावी. प्रत्यक्षात दोन्ही सारख्याच येतात. कागद तिरका असला की वर्तुळ लांबट होतं, तेव्हा आखूड व्यास घ्या. भोक मोठं झालं तर प्रतिमा तेवढीच फुगते आणि कडा पुसट होते.

‘सूर्य लहान होत गेला’ असे जे व्हिडिओ फिरतात, ते बहुधा फिल्टरशिवाय काढलेले असतात. दुपारची चकाकी कॅमेऱ्यात सूर्याच्या कितीतरी पट पसरते; संध्याकाळी ती ओसरते, आणि ओसरणाऱ्या चकाकीलाच सूर्य समजलं जातं.