पार्श्वभूमी : डाव्या गार्डच्या करारातली मेख

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये आक्रमक फळीतल्या पाच जणांच्या नावापुढे आकडा लागत नाही. मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल : हे पाच लाइनमन. धाव चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकच्या खात्यात जाते, पास तो टाकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या आणि चूक झालीच तर सॅक, म्हणजे पासआधीच क्वार्टरबॅकला पाडणं, समोरच्याच्या. त्यामुळे लाइनमनची किंमत ठरते ती शेजाऱ्यावरून : त्याला किती मिळतात आणि मग याला किती द्यायचे. २००६ च्या मार्चमध्ये सिअ‍ॅटलच्या डाव्या गार्डला मिनेसोटानं नेल्यावरून जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हेच आहे.

जुना काळ थोडक्यात. १९७८ साली लाइनमनला हात लांब करून, पंजे उघडे ठेवून अडवण्याची मुभा मिळाली. पासचा खेळ वाढला, त्याबरोबर क्वार्टरबॅकची पाठ राखणाऱ्या डाव्या टॅकलचा भाव वाढला. गार्ड मात्र होता तिथेच राहिला. करार संपला तरी खेळाडू खऱ्या अर्थानं मोकळा होत नसे. १९९२ मध्ये मिनिआपोलिसच्या न्यायालयात ज्युरीचा निकाल खेळाडूंच्या बाजूनं लागला, १९९३ पासून बाजार खुला झाला आणि १९९४ मध्ये वेतनमर्यादा आली : एका संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलर.

या तडजोडीत मालकांच्या पदरात पडले ते टॅग, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूला धरून ठेवायची सोय, आणि सगळा गुंता तिथे आहे. तेव्हा फ्रँचायझ टॅग लावला की त्या जागेवरच्या सर्वाधिक पगाराच्या पाच जणांची सरासरी द्यायची. दुसऱ्या संघानं खेळाडू नेलाच, तर त्यानं ड्राफ्टमधल्या, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेण्याच्या प्रक्रियेतल्या, पहिल्या फेरीतल्या दोन निवडी मोजायच्या. ट्रान्झिशन टॅग स्वस्त : सरासरी दहा जणांची. पण त्यात भरपाई काहीच नाही. हातात उरतो तो फक्त बरोबरीचा हक्क. दुसऱ्या संघाची ऑफर शीट, म्हणजे कराराचा लेखी प्रस्ताव, आली की तेव्हा सात दिवसांत तेवढ्याच अटींवर ‘आम्ही ठेवतो’ म्हणायचं. शिवाय ‘त्या जागेवरचे’ म्हणताना टॅकल, गार्ड, सेंटर अशी फोड नाही. पाचही जण एकाच पोत्यात. म्हणजे गार्डला टॅग लावायचा तर पैसे टॅकलच्या भावानं.

‘तेवढ्याच अटी’ म्हणजे कोणत्या, हा प्रश्न पहिल्याच वर्षी उभा राहिला. १९९३ मध्ये इंडियानापोलिसनं बफेलोच्या डाव्या टॅकलला ऑफर शीट दिली. त्यात कलम घातलं, की आक्रमक बाजूला सर्वाधिक पगार याचाच राहील. इंडियानापोलिसला ते सहज परवडत होतं. बफेलोकडे बडा क्वार्टरबॅक होता, बडा रनिंग बॅक होता. बरोबरी करायची तर टॅकलला त्यांच्याही वर न्यावं लागलं असतं. खेळाडू गेला. अशी कलमं यापुढे चालणार नाहीत, असं लीगनं ठरवलं, पण दाराला फट राहिली. इंग्रजीत या प्रकाराला पॉयझन पिल म्हणतात. आपल्याकडचा नेमका शब्द मेख.

आता सिअ‍ॅटल. तो गार्ड २००१ साली ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत सतराव्या क्रमांकावर आला. दुसऱ्या हंगामात पाय मोडला, तरी २००३ पासून दर वर्षी ‘प्रो बोल’ या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी त्याची निवड झाली. त्याच्या डावीकडे त्या काळातला बहुधा सर्वोत्तम टॅकल उभा असे. ही डावी जोडी बघताना चेंडूकडे बघूच नये. दोघं खांद्याला खांदा लावून एकाच बचावपटूवर जातात, त्याला दोन पावलं मागं रेटतात. मग गार्ड त्याला टॅकलच्या ताब्यात देतो आणि स्वतः पुढच्या, बचावाच्या दुसऱ्या ओळीतल्या लाइनबॅकरवर निघतो. सुटायचा क्षण अर्धा सेकंद चुकला तर धाव जागेवर मरते. २००५ मध्ये या डाव्या बाजूच्या आधारानं रनिंग बॅकनं १,८८० यार्ड काढले, लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आणि संघ सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत पोचला.

त्यानंतर सिअ‍ॅटलनं गार्डला स्वस्तातला टॅग लावला. दोन टॅगमधला फरक होता जेमतेम सहा लाख डॉलरचा.

मिनेसोटानं सात वर्षांची, ४ कोटी ९० लाखांची ऑफर शीट दिली. गार्डसाठी तेव्हा हा आकडा न ऐकलेला. मेख अशी, की हा आपल्या संघातला सर्वाधिक पगाराचा लाइनमन नसेल तर सगळी रक्कम हमीची, म्हणजे काहीही झालं तरी द्यायचीच. मिनेसोटाला याचा काही त्रास नव्हता. सिअ‍ॅटलच्या टॅकलचा करार मात्र ५ कोटी २५ लाखांचा, तोही सात वर्षांचा. सिअ‍ॅटलनं टॅकलच्या करारात फेरबदल करून पाहिला, कलम मुख्य अटींत मोडत नाही असाही युक्तिवाद केला. लवादानं ऐकलं नाही. मला हा निकाल नियमाच्या शब्दाला धरून वाटतो, हेतूला सोडून. बरोबरीचा हक्क दिला असेल, तर ज्या अटीचा भार एकाच बाजूवर पडतो तिला बरोबरी कसं म्हणायचं? तरी यात गार्डला दोष देणं अन्याय आहे. सहा लाख वाचवायचा निर्णय त्याचा नव्हता.

सिअ‍ॅटलनं त्याच महिन्यात उट्टं काढलं. मिनेसोटाच्या एका वाइड रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, सात वर्षं, ४ कोटी ९० लाख, अगदी तोच आकडा. एका हंगामात मिनेसोटा राज्यात पाच सामने खेळला तर सगळं हमीचं, हे कलम. मिनेसोटाचे घरचेच सामने तेव्हा आठ, त्यामुळे बरोबरी अशक्य. रिसीव्हर गेला. पण डावी बाजू रिसीव्हरनं भरत नाही. पुढच्या हंगामात सिअ‍ॅटलचा रनिंग बॅक ८९६ यार्डांवर आला. त्याचा पाय दुखावला होता हेही खरं. मिनेसोटात २००७ च्या ४ नोव्हेंबरला नव्या रनिंग बॅकनं एका सामन्यात २९६ यार्डांचा विक्रम केला, तेव्हा पुढे डाव्या गार्डच्या जागी हाच होता.

लीग आणि खेळाडूंमधल्या २०११ च्या सामूहिक करारात असल्या मेखांवर बंदी आली. गार्ड २०१२ चा हंगाम टेनेसीत खेळून थांबला आणि २०२० मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. एक पोतं मात्र सुटलेलं नाही. २०२० मध्ये न्यू इंग्लंडनं डाव्या गार्डला फ्रँचायझ टॅग लावला, २०२५ मध्ये कॅन्सस सिटीनं उजव्या गार्डला. किंमत, टॅकल धरून काढलेली, २ कोटी ३४ लाख. जुलैच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्यानं चार वर्षांच्या, ९ कोटी ४० लाखांच्या करारावर सही केली.