ईदची मिरवणूक रविवारवर: बेळगावातील तडजोडीची पार्श्वभूमी

गणेश विसर्जनाशी गाठ पडू नये म्हणून बेळगावात ईद-ए-मिलादची मिरवणूक रविवारवर ढकलली गेली; त्या तडजोडीमागची ही गोष्ट. किल्ल्यातील 1204 सालचे जैन मंदिर कमल बस्ती आणि असदखानाची साफा मशीद यांचा शेजार बेळगावकरांना नव्याने सांगायला नको, सीमाप्रश्नही नको. 1956 पासून कित्येक दशके इथली मते भाषेवर विभागली गेली. सप्टेंबर 2021 ची महापालिका निवडणूक पक्षचिन्हांवर झाली, 58 पैकी 35 जागा एका राष्ट्रीय पक्षाला गेल्या आणि ती जुनी फळी फुटली.

त्याच महिन्याच्या अखेरीस खानापुरात आंतरधर्मीय प्रेमसंबंधावरून एका तरुणाचा खून झाला. डिसेंबरात बेळगावच्या एका चर्चच्या आवारात धर्मगुरूंवर तलवार उगारली गेली. ते पळाले म्हणून वाचले. 23 डिसेंबरला याच शहरातील सुवर्ण सौध या विधिमंडळाच्या इमारतीत कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केले. अधिवेशन पार पडेपर्यंत घरगुती प्रार्थनासभा घेऊ नका, असा पोलिसांचा सल्ला होता. म्हणजे ज्यांना भीती, त्यांनीच दार लावून बसायचे.

त्यानंतरची कसोटी पंचांगाने घेतली. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे, त्यात अधिक मास नाही. त्यामुळे आपल्याकडे अधिक आला की हिजरी महिने एक घर मागे येतात. 2018 ते 2020 मध्ये मोहरम गणपतीत आला होता. 2023 च्या अधिक श्रावणानंतर रबी-उल-अव्वल हा तिसरा हिजरी महिना भाद्रपदाशी जुळला. महिना चंद्रदर्शनाने सुरू होत असल्याने त्याची 12 तारीख, म्हणजे ईद-ए-मिलाद, अनंत चतुर्दशीच्या तोंडावरच पडते. 2023 मध्ये दोन्ही 28 सप्टेंबरला आले. 2024 मध्ये 16 आणि 17 सप्टेंबरला, 2025 मध्ये 5 आणि 6 सप्टेंबरला. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने हा योग सुटतो.

28 सप्टेंबर 2023 चा प्रश्न सोपा होता. हुतात्मा चौकातून संध्याकाळी निघणारी विसर्जन मिरवणूक कपिलेश्वर तलावावर संपायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडते. मंडप रस्त्यावर, बंदोबस्त तोच, गल्ल्या त्याच. मुस्लिम समाजातील ज्येष्ठांनी जुलूस पुढच्या रविवारी काढायचे ठरवले. नमाज आणि मिलाद ठरल्या दिवशीच झाले. मंडळांनी त्याचे स्वागत केले.

वाद 2024 चा. ईद सोमवारी, विसर्जन मंगळवारी, म्हणजे दिवस वेगवेगळे. तरीही मिरवणूक पुन्हा रविवारवर गेली. समर्थकांचे म्हणणे असे की मिरवणूक धर्माचे बंधन नाही, आणि मंडप उभे असताना खडेबाजारासारख्या अरुंद रस्त्यातून झेंडे, कमानी, ध्वनिक्षेपक नेले की एक धक्काही पुरतो. विरोधकांचा सवाल: सरकायचे दर वेळी एकाच बाजूने का? या सवालाला शांतता समितीच्या बैठकीत समाधानकारक उत्तर मिळत नाही, हे मान्य करायला हवे. पहिल्या वर्षी जो मोठेपणा ठरतो, त्यालाच दुसऱ्या वर्षी वहिवाट म्हणतात. समझोता तोंडी, बदल्यात दुसरी बाजू काय सोडणार, याची नोंद कुठेच नाही.

नोंद नसली की काय होते, ते 3 ऑक्टोबर 2025 च्या रात्री खडक गल्लीत दिसले. उरुसाची मिरवणूक या गल्लीतून जात नाही, असा रहिवाशांचा आक्षेप होता. घोषणा झाल्या, मग दगड. अर्जासोबत चौकवार मार्ग, वेळ आणि वळणाचे नाव लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या असत्या, तर निदान मार्गाचा वाद जागेवर मिटला असता.

न्यायाचा भाग याहून रेंगाळलेला. 28 एप्रिल 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवायचा असतो. नोंद होतेही. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 (गटागटांत वैर पसरवणे) आणि 299 (धार्मिक भावना दुखावणे) खालील खटल्याची दखल न्यायालय सरकारच्या मंजुरीशिवाय घेऊ शकत नाही, आणि फाइल तिथे अडते. दुसरी अडचण पुराव्याची. फॉरवर्ड झालेल्या क्लिपमधून मूळ तारीख-वेळ निघून गेलेली असते. ज्या फोनवर चित्रीकरण झाले तो फोन आणि साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र हवे. तक्रारदाराला बहुधा हे सांगितले जात नाही. त्याला सांगितले जाते, गोडीने मिटवा. ही कलमे तडजोडपात्र नाहीत. पंचांसमोर हात मिळवले म्हणून गुन्हा रद्द होत नाही, फक्त साक्षीदार पुढे यायचे थांबतात.