जुन्या मोटारीची घरगुती देखभाल व दुरुस्ती (मराठवाडा)

जुन्या चारचाकीचे ऑइल, पाणी, प्लग, ब्रेक, बॅटरी, पट्टे यांची नेहमीची कामे गॅरेजवर न टाकता मालकाने घरच्या अंगणात किंवा शेतातल्या आखाड्यावर स्वतः करण्याची पद्धत. मराठवाड्यात ‘जुनी गाडी’ म्हणजे बहुधा मारुती ८०० (उत्पादन १९८३ ते २०१४), क्वचित कुठे जपून ठेवलेली ॲम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी, आणि एकेकाळी काळी-पिवळी म्हणून धावलेल्या किंवा घरच्या वापरातल्या डिझेल जीप. या गाड्यांत संगणकाचा हात नाही किंवा अगदी थोडा आहे. त्यामुळे बिघाड कान, नाक, हात आणि एक साधे मल्टीमीटर यांनी शोधता येतो. घरी ट्रॅक्टर असलेल्याला ही कामे नवी नसतात. डिझेलची हवा काढणे, ग्रीस मारणे, एअर क्लीनर झटकणे तो आधीच करत आलेला असतो.

प्रदेशाचा परिणाम मोठा आहे. कोकणात गाडीचा पत्रा आधी सडतो. मराठवाड्याची हवा कोरडी असल्याने पत्रा टिकतो, पण उन्हाने रबर तडकते आणि बोअरच्या पाण्याने रेडिएटर बुजतो. म्हणून पुण्या-मुंबईच्या देखभालीचे वेळापत्रक इथे जसेच्या तसे लागू पडत नाही.

हत्यारे आणि गाडी उचलणे

८ ते १९ मिमीचे रिंग व फिक्स पाने, गोटी पान्यांचा छोटा संच, प्लग पाना, पक्कड, दोन पेचकस, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), मल्टीमीटर आणि ऑइल फिल्टरचा पट्टा पाना एवढ्यात नव्वद टक्के कामे होतात. ॲम्बेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाला मात्र इंची पाने लागतात. तिथे जवळपास बसणारा मिमीचा पाना लावला की नटाच्या कडा झिजून तो गोल होतो आणि पुढे छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो.

गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली शिरू नये. जॅकने उचलावी आणि दोन लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवावी. विटांचा थर लावण्याची सवय सर्वत्र दिसते, पण भाजलेली वीट वजनाखाली न सांगता फुटते. काळ्या मातीत जॅक एका बाजूने खचतो, त्यामुळे त्याच्याखाली किमान दीड इंची जाड, फूटभर रुंद फळी हवी. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. गाडी उचलल्यावर जोर लावला तर ती घोडीवरून सरकते.

पाणी, रेडिएटर आणि उष्णता

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात घाट नसतानाही गाडी गरम होते, ती बहुतेक वेळा इंजिनामुळे नव्हे, आत भरलेल्या पाण्यामुळे. मराठवाड्याचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर आहे आणि बोअरचे पाणी जड असते. ते तापले की त्यातला चुना बाहेर पडून आतून चिकटतो. पाणी तापवायच्या बंबात जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) पाण्याच्या वाटांत धरतो. बंबाचे त्याने फारसे अडत नाही, कारण तो फक्त तापायचा असतो. रेडिएटरला उष्णता बाहेर फेकायची असते आणि चुन्याचा थर ती अडवतो. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे गाडीत कोणते पाणी घालायचे याची निवड करणे दर वर्षी शक्य नव्हते हेही खरे. आता गावोगावी शुद्ध पाण्याचे जार मिळतात आणि वीस लिटरच्या एका जारमध्ये दोन-तीन गाड्यांचे काम होते.

पाणी बदलण्याचे काम इंजिन पूर्ण गार असतानाच करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडले की दाबाखालचे पाणी उसळून तोंडावर येते. खालचा ड्रेन कॉक उघडून, किंवा तो चुन्याने अडकला असेल तर खालचा होज पाइप काढून, सगळे पाणी सोडावे. ते गंजाने तांबडे असेल तर साधे पाणी भरून इंजिन दहा मिनिटे चालवावे, गार होऊ द्यावे आणि पुन्हा सोडावे. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करावे. चुन्याचा हलका थर असेल तर लिटरला २०-२५ ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून तेच पाणी पंधरा-वीस मिनिटे इंजिनात फिरवतात आणि नंतर दोन-तीनदा साध्या पाण्याने धुतात. संडास साफ करायचे ॲसिड काहीजण वापरतात. ते चुन्याबरोबर ॲल्युमिनियमचे हेड आणि रेडिएटरचे झाळकामही खाते. थर जाड असेल तर रेडिएटर उतरवून दुकानात नळ्यांत सळई घालून ‘रॉडिंग’ करून घेणे हाच उपाय.

भरताना कूलंट आणि डिस्टिल किंवा आर.ओ. पाणी अर्धे-अर्धे घ्यावे. इथे पाणी गोठायची भीती नाही, त्यामुळे ४० टक्के कूलंटही चालते. पण ३० टक्क्यांच्या खाली गेल्यास त्यातले गंजरोधक पुरे पडत नाहीत. निव्वळ कूलंट भरणेही चुकीचे, कारण ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते. झाकण उघडे ठेवून, हीटर असल्यास त्याचा नॉब गरमवर करून इंजिन चालू करावे. थोड्या वेळाने थर्मोस्टॅट (पाणी पुरेसे तापल्यावर रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) उघडतो आणि वरचा होज पाइप एकाएकी हाताला कडक गरम लागतो. त्या वेळी आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि पाणी खाली जाते. तेवढे भरून झाकण लावावे. हा हवा काढण्याचा टप्पा वगळला की ‘कालच पाणी बदलले तरी गाडी तापते’ ही तक्रार येते.

थर्मोस्टॅट काढून फेकणे हा इथल्या मिस्त्रींचा आवडता उन्हाळी उपाय आहे आणि तो चुकीचा आहे. इंजिन हवे तेवढे तापत नाही, पेट्रोल जास्त जाते, ऑइलमधली वाफ उडून न गेल्याने वरच्या झाकणाखाली काळा-पिवळा चिकटा धरतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅटच पाण्याची आडवाट बंद करतो. तो नसला तर पाणी रेडिएटरला टाळून फिरत राहते आणि गाडी उलट जास्त तापते. शंका असेल तर थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात ठेवून गॅसवर तापवावा. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान, म्हणजे पाणी उकळायच्या बरेच आधी, झडप उघडायला लागली पाहिजे. उघडली नाही तर बदलावा. वस्तू स्वस्त आहे.

विजेचा पंखा वेळेवर सुरू होत नसेल तर आधी फ्यूज बघावा. मग थर्मो-स्विचची वायर काढून रचनेप्रमाणे अर्थिंगला किंवा जोडीच्या वायरला क्षणभर लावावी. पंखा फिरला तर स्विच गेला, नाही फिरला तर रिले किंवा मोटर. ज्या गाड्यांत पंखा इ.सी.यू. (इंजिनाचा संगणक) चालवतो, तिथे हा प्रयोग करू नये. रेडिएटरच्या बाहेरच्या जाळीकडेही पाहावे. कापसाच्या दिवसांत तंतू आणि तुरीच्या मळणीचा भुसा तिथे नमदा झाल्यासारखा बसतो. इंजिनाकडच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हलक्या धारेने पाणी मारावे. वॉशिंग सेंटरची जोराची धार जाळीचे पातळ पत्रे आडवे पाडते.

गळका रेडिएटर बंद करायला त्यात हळद टाकतात. हळदीने गळती तात्पुरती थांबते, गावापर्यंत गाडी येते, आणि मग तीच हळद उरलेल्या नळ्याही बंद करते. वाटेवरचा उपाय म्हणून ठीक, पण घरी पोहोचल्यावर सगळे पाणी सोडून धुणे भाग आहे.

झाकण उघडे असताना पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघत असेल किंवा डिपस्टिकवरचे ऑइल ताकासारखे झाले असेल तर हेड गॅसकेट उडाले आहे. तेव्हा गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, ओढून न्यावी.

ऑइल आणि हवा

जुन्या पेट्रोल इंजिनांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ऑइल चालते. बदल ५,००० किमी किंवा सहा महिने, यातले आधी येईल तेव्हा. मारुती ८०० ला फिल्टरसह तीन लिटरपर्यंत लागते. तीन लिटर आणावे, पण थोडे हाती ठेवून भरावे आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेला थांबावे. जास्त भरले की ऑइल फेसाळते आणि सीलमधून बाहेर येते. इंजिन पाच मिनिटे कोमट करून ऑइल सोडावे, ड्रेन प्लगचे वॉशर नवे घालावे. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावून तो हाताने बसवावा. रबर टेकल्यावर पाऊण फेरा पुरे. पान्याने आवळला की पुढच्या वेळी फिल्टर फाटतो पण निघत नाही. काढलेले काळे ऑइल लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात. ते विहिरीच्या आसपास ओतू नये आणि हाताला लागले तर साबणाने धुवावे, कातडीला ते घातक आहे.

कागदी एअर फिल्टर धुऊ नये. पंक्चरच्या दुकानात आतून बाहेर, हलक्या हवेने झटकून घ्यावा, आणि उजेडासमोर धरून कुठे भोक दिसत नाही ना ते पाहावे. कच्च्या रस्त्याने रोज ये-जा असेल तर महिन्याला एकदा. जुन्या जीपच्या ऑइल-बाथ क्लीनरमध्ये तळाशी चिखल साचलेला दिसला की ऑइल बदलायची वेळ झाली.

प्लग, पेट्रोल आणि ‘मिसिंग’ (इंजिन अडखळणे)

कार्ब्युरेटरच्या मारुतीला प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी. काढलेला प्लग बरेच सांगतो. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर सगळे ठीक. कोरडे काळे असेल तर पेट्रोल जास्त किंवा चोक अडकलेला. ओले, तेलकट काळे म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल वर चढते. पांढरे फटक म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा इंजिन तापते. प्लग बसवताना आधी हातानेच फिरवावा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आटे तिरके गेले तर लेथवाल्याकडे हेड घेऊन जावे लागते. पॉइंटवर चालणाऱ्या डिलकोत (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये) पॉइंटचा गॅप ०.४ मिमीच्या आसपास ठेवतात.

२०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. मराठवाड्यातल्या उसापासूनही ते बनते, पण इथल्या जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरची गॅसकेट फुगवते, मिश्रण पातळ करते आणि ओलावा शोषते. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप एकदा नव्या दर्जाच्या पाइपांनी बदलावेत आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करावा. दुपारच्या उन्हात पेट्रोल पाइपातच वाफ होऊन गाडी बंद पडते. पद्मिनीच्या पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवण्याची जुनी युक्ती यासाठीच आहे आणि ती चालते.

डिझेल जीपमध्ये टाकी कोरडी पडली तर नुसते डिझेल भरून भागत नाही, कारण पाइपात हवा धरते. फिल्टरवरचा हवा काढायचा नट सैल करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की नट आवळावा. सेल्फ मारत बसले तर बॅटरी उतरते.

ब्रेक

ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषते, म्हणून दोन वर्षांनी बदलावे. बाटलीवर लिहिलेला ‘डॉट’ क्रमांक मास्टर सिलिंडरच्या झाकणावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. टंचाईत इंजिन ऑइल ओतणाऱ्याची सगळी रबरे फुगतात आणि चारही चाके धरतात. हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने पेडल तीनदा मारून दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळचे हवा काढायचे निपल सैल करून लगेच आवळायचे, त्यानंतरच पेडल सोडायचे. सहसा सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तोच पाळावा. ड्रमची धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते.

वर्षाचा क्रम

गुढीपाडव्याच्या आसपास पाणी, होज पाइप, पट्टे आणि बॅटरी पाहावी. पाइप बोटांनी दाबल्यावर कुरकुरला किंवा तडे दिसले तर बदलावा. उन्हाळ्यात बॅटरीचे पाणी भरभर आटते, त्यात डिस्टिल वॉटरच घालावे. विश्रांतीतली पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवे. कमी आले तर दोष बॅटरीचा नसून डायनमोचा किंवा सैल पट्ट्याचा. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवावी. वायर काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी.

मृगाच्या आधी वायपरची रबरे, दिवे आणि खालच्या वायरिंगचे तुटके आवरण पाहावे. आखाड्यावर उभ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात, त्यामुळे आठवड्याला एकदा बॉनेट उघडणे बरे. पावसाळ्यात चाकाच्या आतल्या बाजूला काळी माती घट्ट बसते आणि वाळली की चाक ८० च्या वेगाला थरथरते. लोक अलाइनमेंटला पैसे देऊन येतात, काम बादलीभर पाण्याचे असते.

दसऱ्याला गाडी धुतात आणि इथेच नेहमीचा घोटाळा होतो. इंजिनवर पाण्याची धार मारली की डिलकोच्या टोपीत पाणी जाते आणि पूजेच्या वेळी गाडी सुरूच होत नाही. टोपी काढून कोरड्या फडक्याने आतून पुसली की सुरू होते.

घरी न करायची कामे

टायमिंग बेल्ट, हेड उतरवणे, स्टिअरिंग बॉक्स, गिअरबॉक्स आणि गॅस किट ही कामे अनुभवी मिस्त्रीकडेच द्यावीत. सुटे भाग आणताना जुना भाग बरोबर न्यावा. एकाच मॉडेलच्या कार्ब्युरेटर आणि एम.पी.एफ.आय. (पेट्रोल इंजेक्शनच्या) गाड्यांचे भाग दिसायला सारखे असले तरी जुळतातच असे नाही. जुन्या पद्मिनीचे काही भाग आता मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोधावे लागतात.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि मग ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. तपासणीला जाताना दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हँडब्रेक आणि सायलेन्सर आधी घरीच तपासावे. गाडी अडते ती बहुधा याच किरकोळ गोष्टींवर, आणि बल्ब बदलायला पेचकसाहून जास्त काही लागत नाही.