एनडीए, टीईएस की नेव्ही बीटेक? अकरावी-बारावीच्या पालकांसाठी

"सर, आर्मीत ऑफिसर व्हायला स्कॉलरशिप मिळते का?" आमच्या क्लासमध्ये चौकशीचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. बारावीनंतरच्या या मार्गांत शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश हा सगळा खर्च सरकार उचलतं. त्या बदल्यात मुलाने अधिकारी म्हणून नोकरी करायची. प्रशिक्षण मध्येच स्वतःहून सोडलं, तर झालेला खर्च वसूल होतो. त्याच्या बॉण्डवर पालकांची सही असते, तेव्हा तो नीट वाचूनच सही करा.

एनडीए, म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, सगळ्यांना माहीत आहे. यूपीएससीची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते: गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता ६०० गुणांची, आणि पुढे एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत, ९०० गुणांची. बारावीच्या टक्क्यांना इथे वजन नाही, पास असलं की पुरे. आर्मीसाठी कुठलीही शाखा चालते, पण गणिताचा पेपर कॉमर्सवाल्यालाही चुकत नाही. नेव्ही आणि एअर फोर्ससाठी मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स (पीसीएम) हवंच. २०२२ च्या तुकडीपासून मुलीही खडकवासल्यात आहेत.

आता ज्या चुकीपायी आमचा आणि मुलांचा सर्वाधिक वेळ जातो, ती सांगतो. "आम्हाला इंजिनिअरिंग करायचंच नाही, मग जेईई कशाला?" म्हणून मुलं जेईई मेनचा फॉर्म भरत नाहीत. पुढे एनडीएची लेखी हुकते आणि मे-जूनमध्ये फोन येतो, "टीईएसचा फॉर्म कधी सुटतोय?" आर्मीच्या टीईएसला, म्हणजे बारावीनंतरच्या टेक्निकल एंट्री स्कीमला, पीसीएममध्ये ६० टक्के लागतात आणि त्या वर्षीची जेईई मेन दिलेली असावी लागते. नेव्हीच्या बीटेक प्रवेशाला पीसीएममध्ये ७०, दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के आणि जेईईची रँक लागते. दोन्हींना वेगळी लेखी परीक्षा नाही. अर्जांतून नाव निवडलं गेलं की थेट एसएसबी, आणि शेवटी हातात इंजिनिअरिंगची पदवी. बोर्डाला चांगले मार्क पडणाऱ्या, पण एनडीएच्या उणे गुणांना बिचकणाऱ्या मुलासाठी आम्हाला हाच रस्ता जास्त योग्य वाटतो. पण फॉर्मच भरला नसेल, तर त्या वर्षापुरतं कोणीच काही करू शकत नाही.

म्हणून बारावीच्या प्रत्येक मुलाकडून आम्ही जेईईच्या कन्फर्मेशन पेजची झेरॉक्स मागतो. काही पालकांना ही सक्ती वाटते. असू दे. एका फॉर्मच्या फीत आणखी दोन दारं उघडी राहतात.

डॉक्टर व्हायचं असेल तर पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे प्रवेश नीटवरून होतो, त्याची तयारी आम्ही घेत नाही. फक्त मुलाखतीचा सराव करून घेतो.

दुसरी एक पद्धतही अनेकांना खटकते: फी घेण्याआधी आम्ही डोळे तपासून आणायला सांगतो. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकात बाकीच्यांना स्पष्ट आकडा दिसतो आणि एखाद्या मुलाला नुसतेच ठिपके. असा रंगांधळेपणा असेल तर तो दोन वर्षं क्लास करून सैन्याच्या मेडिकलला कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. निवडीची हमी आम्ही देत नाही, आणि जो देईल त्याच्याकडे फी भरण्याआधी दोनदा विचार करा. एसएसबीची बॅच मात्र आम्ही मुद्दाम लहान ठेवतो, कारण गटचर्चेत प्रत्येक मुलाला बोलायची पाळी यायला हवी. तिची फी वेगळी आहे, आणि ती लेखी पास झाल्यावरच भरायची.

वय आणि टक्केवारीच्या अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहाव्यात. जाहिरात वाचून फॉर्म भरून द्यायला आम्ही पैसे घेत नाही. पहिल्या भेटीला दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार कार्ड आणा, दोन्हींवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते घरीच पाहून घ्या, आणि मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊनच या.