प्रकाशाला मागे फिरू न देणारा कण

घरगुती चाचणीपट्टीवर उमटणारी लाल रेघ म्हणजे लाल रंग, असा बहुतेकांचा समज असतो. अनेक पट्ट्यांमध्ये तिथे रंगद्रव्य नसतेच. असतात ते सोन्याचे साधारण 40 नॅनोमीटर व्यासाचे कण. सोने पिवळे, मग रेघ लाल का?

एवढ्या लहान कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राबरोबर सगळे मिळून एका बाजूला सरकतात आणि मागे उरलेला धनभार त्यांना परत खेचतो. झोपाळ्याला त्याच्याच लयीत धक्का दिला की झोका चढत जातो, तसे इथे होते. हाच अनुनाद. पाण्यातल्या 20 नॅनोमीटरच्या सुवर्णकणाची लय सुमारे 520 नॅनोमीटर तरंगलांबीशी, म्हणजे हिरव्या प्रकाशाशी जुळते. हिरवा शोषला जातो, लाल उरतो. फॅरडे यांनी 1857 मध्येच अशा लाल द्रावणाचा संबंध सोन्याच्या सूक्ष्म कणांशी जोडला होता. गोल कणाचे संपूर्ण गणित गुस्ताव्ह मी (Mie) यांनी 1908 मध्ये मांडले.

द्रावण बनवायची कृती जुनी आहे. 0.01 टक्के गोल्ड क्लोराइडचे 50 मिलिलिटर द्रावण उकळायचे आणि जोरात ढवळत त्यात 1 टक्का सोडियम सायट्रेट एकदम ओतायचे. 1 मिलिलिटर ओतले तर कण 16 नॅनोमीटरच्या आसपास होतात, अर्धा मिलिलिटर ओतले तर 40 च्या. कमी सायट्रेट, कमी बीजे (ज्यांच्याभोवती कण वाढतो ते इवले ठिपके), म्हणून मोठे कण. त्याहून मोठे करायला गेलात तर कण ओबडधोबड होतात आणि अनुनादाचे शिखर पसरट होते. काचपात्र आम्लराजाने (सोनेही विरघळवणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणाने) धुतलेले नसेल तर भिंतीवरचे जुने कण नको तिथे बीजे बनतात. धातूचा चमचाही वापरायचा नाही, गोल्ड क्लोराइड तो खाते. तयार द्रावणात मीठ पडले की कणांवरच्या ऋणभाराचे संरक्षण जाते, ते एकमेकांना चिकटतात आणि लाल द्रावण निळे पडते. ते सहसा पुन्हा लाल होत नाही.

गोल कण मोठा केल्याने अनुनाद फारसा सरकत नाही. 100 नॅनोमीटरला तो जेमतेम 570 च्या आसपास पोहोचतो. बदलते ते दुसरेच. लहान कणांत शोषण त्रिज्येच्या घनाने वाढते आणि विकिरण (प्रकाश विखुरणे) सहाव्या घाताने. म्हणून 20 नॅनोमीटरचा कण प्रकाश जवळजवळ फक्त शोषतो, 100 चा मुख्यतः विखुरतो. अनुनाद खरोखर हलवायचा असेल तर कण लांबट करावा लागतो. लांबी जाडीच्या चौपट केली की शिखर 800 नॅनोमीटरला, अवरक्तात जाते.

(‘नॅनो’ शब्द दिसला की पुढे आरोग्याचे दावे येतातच. चांदीचे कलिल द्रावण टॉनिक म्हणून पिणाऱ्यांची त्वचा कायमची करडी-निळी पडू शकते. चमत्कार काय तो एवढाच.)

धातूची अडचण अशी, की इलेक्ट्रॉनांच्या हालचालीत बरीच ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. सिलिकॉनची गोष्ट निराळी. त्याचा अपवर्तनांक दृश्य प्रकाशात 4 च्या जवळपास आहे, म्हणजे आत शिरलेल्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे चौथाई होते. 150 नॅनोमीटरच्या गोळीत 600 नॅनोमीटरची एक अख्खी लाट मावते. मग कणाच्या एका बाजूला विद्युतक्षेत्र वर, तर समोरच्या बाजूला खाली, असे ते गोल फिरू लागते. तारेच्या वेटोळ्यातून वीज फिरवली की चुंबक होतो; इथे तार नसताना कण चुंबकीय द्विध्रुव, म्हणजे दोन ध्रुवांचा इवला चुंबक, बनतो. 2012 मध्ये प्रयोगांत दृश्य प्रकाशात हे दिसले.

आता खरी गंमत. याच कणात विद्युत द्विध्रुवही असतो, म्हणजे एका टोकाला धनभार आणि दुसऱ्याला ऋणभार; तो पुढे आणि मागे सारखाच प्रकाश फेकतो. चुंबकीय द्विध्रुवही तसाच, पण त्याचे विद्युतक्षेत्र पुढे एका चिन्हाचे आणि मागे उलट चिन्हाचे असते. दोघांची ताकद आणि फेज (लाटेच्या चढउताराची वेळ) सारखी केली, तर पुढे दोन्ही क्षेत्रे मिळतात आणि मागे एकमेकांना पुसून टाकतात. कर्कर (Kerker) या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ही अट काढली, तीही दृश्य प्रकाशासाठी अस्तित्वात नसलेल्या चुंबकीय गोळ्यांकरिता. सिलिकॉनने ती 2013 मध्ये दृश्य प्रकाशात जवळजवळ पुरी केली. गोळीत मात्र विद्युत अनुनाद कमी तरंगलांबीला असतो आणि चुंबकीय जास्त. बरोबरी साधते ती दोन्ही शिखरांच्या पलीकडे, लांब तरंगलांबीकडे, जिथे विकिरणच क्षीण असते. शिखरांच्या मधल्या भागात फेज उलट होतात आणि प्रकाश उलट मागे जास्त जातो. पुढचे विकिरण मात्र शून्य करता येत नाही, कारण विखुरलेली ऊर्जा मूळ झोतातून वजा व्हायची, तर पुढे काही लाट लागतेच.

उपाय म्हणजे गोळी सोडून चकती घेणे. उंची व्यासाच्या निम्म्याच्या आसपास आणली की दोन्ही शिखरे एकमेकांवर येतात. मग कण अनुनादात असूनही मागे जवळपास काही परतत नाही. अशा चकत्यांची रांग लावून, प्रत्येकीचे माप थोडे बदलून, पातळ थरातून प्रकाशाची फेज हवी तशी वळवता येते आणि त्यातून सपाट भिंग बनते.

करताना चुका महागात पडतात. व्यास 5 नॅनोमीटरने चुकला तर शिखर सुमारे 20 नॅनोमीटरने सरकते. हवेत पृष्ठभागावर सिलिकॉन ऑक्साइड चढतो, आतला गाभा बारीक होतो आणि शिखर निळ्याकडे जाते. लेसरने उडवून बनवलेले कण कधी अस्फटिकी निघतात. ते जास्त शोषतात, म्हणून तापवून स्फटिकी करावे लागतात. आणि निळ्या प्रकाशासाठी सिलिकॉन फारसे कामाचे नाही, तिथे त्याचे शोषण झपाट्याने वाढते. तिथे टायटॅनियम डायऑक्साइड घेतात. त्याचा अपवर्तनांक 2.5 च्या आसपासच असल्याने अनुनाद पसरट आणि कण मोठे, पण शोषण जवळजवळ नाही.