पाद्री आणि पत्तेवाला: पॉल श्रेडरची दोन एकटी माणसं

गेल्या पावसाळ्यात इंदूरला लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी दर रविवारी पाच-सहा जण सिनेमा बघायला जमायचे. सकाळी पोहे, वरून शेव आणि जिरावण, आणि मग पडदे ओढून टीव्ही सुरू. एकदा चहा घेताना शेजारचे काका म्हणाले, "अगं, त्या पाद्र्याचा शेवट मला फार लागला. तुरुंगात काचेला बोट लावतो आणि पलीकडून ती पण बोट टेकवते."

"काका, तो पाद्री नाही. तो पत्तेवाला."

"मग पाद्र्याचं काय होतं?"

त्यावर दोघातिघांनी तीन वेगळे शेवट सांगितले. काका बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के, स्मरणशक्ती उत्तम. गोंधळ त्यांच्या वयाचा नव्हताच. अमेरिकन दिग्दर्शक पॉल श्रेडरचे 'फर्स्ट रिफॉर्म्ड' (2017) आणि 'द कार्ड काउंटर' (2021) हे दोन सिनेमे थोड्या दिवसांच्या अंतराने पाहिले की असे एकमेकांत मिसळतात. मला मात्र ते मिसळलेले सहन होत नाहीत, कारण माझ्या मते दोन्हींत एकाच दुखण्याची दोन अगदी उलट रूपं आहेत. ती समजावून द्यायची तर शेवट सांगावे लागतील. सिनेमे पाहायचे राहिले असतील त्यांनी आधी पाहून घ्यावेत.

घोटाळा होतो तो सांगाड्यामुळे. दोन्हीकडे मध्यमवयीन माणूस आहे, एकटा. रात्री खोलीत टेबलाशी बसून डायरी लिहितो, दारूचा ग्लास शेजारी, आणि लिहिलेलं आपल्याला त्याच्याच आवाजात ऐकू येतं. दोघांच्या मागे इराकचं युद्ध आहे. दोघांच्या आयुष्यात एक तरुण मुलगा येतो, संतापाने पेटलेला, आणि मरतो. दोघांच्या वाट्याला एक बाई येते, तिच्या स्पर्शावर सिनेमा संपतो. एवढं सारखं असल्यावर कोणीही गोंधळेल.

हा सांगाडा श्रेडर पन्नास वर्षं वापरतोय. 1976 च्या 'टॅक्सी ड्रायव्हर'ची पटकथा त्याची. तिथेही रात्रपाळीचा एकटा माणूस डायरी लिहितो. श्रेडर 1946 मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला जन्मला, कडक कॅल्व्हिनपंथी (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) घरात, जिथे सिनेमा बघणं पाप होतं. सतराव्या वर्षापर्यंत त्याने एकही सिनेमा पाहिला नव्हता. पुढे 1972 मध्ये त्याने ओझू, ब्रेसाँ आणि ड्रायर या तिघा दिग्दर्शकांवर पुस्तक लिहिलं. पडद्यावर कमीत कमी घडवून प्रेक्षकाला आतून कसं हलवायचं, हा त्याचा विषय. तरी स्वतःचे सिनेमे तो बरीच वर्षं त्या वाटेने करत नव्हता. 'फर्स्ट रिफॉर्म्ड' प्रदर्शित झाला तेव्हा तो एकाहत्तर वर्षांचा होता, आणि ऑस्करचं आयुष्यातलं पहिलं नामांकन त्याला त्याच पटकथेसाठी मिळालं.

आता फरक. माझ्या मते तो सगळा एका प्रश्नात आहे: या माणसाने नेमकं केलंय काय?

'फर्स्ट रिफॉर्म्ड'मधला पाद्री अर्न्स्ट टोलर (ईथन हॉक) याने कोणाला हात लावलेला नाही. घराण्यात सैन्याची परंपरा, म्हणून बायकोचा विरोध असताना त्याने मुलाला भरती व्हायला लावलं. मुलगा इराकमध्ये मारला गेला, संसार मोडला. हे पाप आहे का? असलं तर किती मोठं? टोलरला त्याचं वजनच करता येत नाही. असं दुःख माणसाला आतून कुरतडतं, कारण त्याला शिक्षा नाही, आणि म्हणून सुटकाही नाही. आपल्याकडेही असे बाप असतात. "मीच पाठवलं त्याला" एवढं एकच वाक्य घेऊन वीस वर्षं जगणारे.

'द कार्ड काउंटर'मधला पत्तेवाला विल्यम टेल (ऑस्कर आयझॅक) याचं तसं नाही. तो इराकमधल्या अबू गरीबच्या तुरुंगात कैद्यांचा छळ करणाऱ्या अमेरिकन सैनिकांपैकी एक होता. 2004 मध्ये तिथली छायाचित्रं जगासमोर आली आणि शिक्षा झाली ती बहुतेक खालच्या सैनिकांना. टेल हे पात्र काल्पनिक, पण त्याची जागा खरी आहे. त्याने स्वतःच्या हातांनी केलं, फोटोत दिसला, लष्करी तुरुंगात गेला, कैद भोगून सुटला. कायद्याने खातं बंद झालं. त्याच्या मनात मात्र बाकी निघतेच, आणि ती नेमकी किती हे त्याला ठाऊक आहे.

म्हणजे एकाला आपल्या पापाचं माप सापडत नाही आणि दुसऱ्याला ते विसरता येत नाही. पुढचं सगळं यातून निघतं.

दोघांच्या डायऱ्या शेजारी ठेवून बघा. टोलर ठरवतो की वर्षभर रोज हाताने लिहायचं, खोडलेलंही तसंच दिसू द्यायचं, आणि वर्ष संपलं की सगळं नष्ट करायचं. त्याला प्रार्थना जमेनाशी झालीय, म्हणून हे लिहिणं. देवाला उद्देशून बोलायचं ते तो कागदाशी बोलतो आणि कागदही उत्तर देत नाही. टेलची डायरी वाचताना मला काकांची जमाखर्चाची वही आठवते. कुठे काय झालं, नियम काय, माणूस कधी तोल सोडतो. त्याला कोणाकडून उत्तर नको आहे, नोंद हवी आहे.

त्याचा धंदाही मोजदादीचाच. ब्लॅकजॅक या कॅसिनोतल्या पत्त्यांच्या खेळात पत्ते मोजण्याची जी रूढ पद्धत आहे ती अशी: दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान पडलं की एक मिळवायचा, सत्ती-अठ्ठी-नव्वी सोडून द्यायची, दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का पडला की एक वजा. बेरीज वर गेली म्हणजे उरलेल्या पत्त्यांत मोठी पानं जास्त, आणि मोठी पानं खेळणाऱ्याच्या फायद्याची. तेव्हा डाव वाढवायचा. जे पान पडून गेलं ते पुढच्या पानावर परिणाम करतं, हे या खेळाचं मर्म, आणि टेलचंही. तो थोडंच जिंकतो आणि निघतो, कारण मोठं जिंकणाऱ्याला कॅसिनोवाले बाहेर काढतात. कोणाच्या नजरेत न येता दिवस काढणं एवढंच त्याला हवंय.

आता खोल्या. यावर आमच्याकडे त्या दिवशी अर्धा तास गेला. टोलरचं घर ओकंबोकं आहे. एक खुर्ची, एक दिवा, भिंती कोऱ्या. ते कोणी मुद्दाम रिकामं केलेलं नाही, माणसं निघून गेल्यावर जे उरतं ते तसं असतं. टेल मात्र प्रत्येक नव्या मोटेलच्या खोलीत शिरला की भिंतीवरची चित्रं उतरवतो, बॅगेतून पांढऱ्या चादरी काढतो आणि पलंग, टेबल, खुर्ची, दिवा, एकेक वस्तू गुंडाळून दोरीने बांधतो. ते दृश्य लागलं तेव्हा काका सोफ्यावरून पुढे सरकले. म्हणाले, "काकू गेल्यावर रामबागेतल्या वाड्याची वरची खोली बंद केली ना, तेव्हा मी हेच केलं. तिच्या शिवणयंत्रावर जुनी चादर, चारी पायांना सुतळी. गाठ अशी." आणि त्यांनी रुमाल घेऊन टीपॉयच्या पायाला ती गाठ मारून दाखवली, दोन वेढे आणि वरून फास. मग हळूच म्हणाले, "पण मी धूळ बसू नये म्हणून केलं. हा कशासाठी करतो?"

कोणी म्हणालं, त्याला तुरुंगातल्या कोठडीची सवय झाली, म्हणून तो खोलीची कोठडी करतो. मला वाटतं हे अर्धंच खरं. त्याला कुठल्याच वस्तूशी ओळख नकोय. रंग नको, आठवण जागी करणारं काही नको. एवढी चादर गुंडाळल्यावरही रात्री स्वप्नात अबू गरीब येतं, आणि ती दृश्यं श्रेडरने इतक्या रुंद भिंगातून घेतलीत की भिंती वाकून अंगावर येतात. एरवी शांत, नेमक्या चौकटींत चालणारा सिनेमा तेवढ्यापुरता सुटतो.

देहाचंही तसंच. टोलर आपला देह मोडू देतो. पोटाचा कर्करोग असावा अशी चिन्हं, तरी व्हिस्की सुरू, आणि एकदा तर तिच्यात पोटाचं गुलाबी औषध ओततो. ग्लासात ते दोन द्रव एकमेकांत फिरत राहतात आणि कॅमेरा तिथून हलत नाही. टेल नीटनेटका, केस चापून बसवलेले, आवाज एका पट्टीत.

तरुण मुलाच्या बाबतीत तर दोन्ही सिनेमे समोरासमोर उभे राहतात. पाद्र्याकडे मायकेल येतो, पृथ्वीच्या विनाशाने खचलेला, बायको गरोदर असताना या जगात मूल आणू नये म्हणणारा. टोलर त्याला समजावतो, मायकेल आत्महत्या करतो, आणि विझायला आलेली ती आग टोलर स्वतः उचलतो. का? कारण त्याला अखेर मोजता येईल असं पाप सापडलं. आपल्या मुलाचं वजन करता येत नव्हतं. नद्या, हवा, कारखाने यांचं करता येतं. आणि त्याच्या अडीचशे वर्षं जुन्या चर्चच्या सोहळ्याला पैसा देणारा उद्योगपतीच प्रदूषण करणारा निघतो. टोलरचा राग खोटा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पर्यावरणाबद्दल तो जे म्हणतो ते खरंच आहे. पण तो ते ओझं ज्या घाईने अंगावर घेतो, स्फोटकांचं जॅकेट घालण्यापर्यंत जातो, त्यात मुलाचं दुःख कुठेतरी टेकवायची धडपड मला दिसते.

टेलकडे येतो कर्क. त्याचा बापही अबू गरीबला होता, परतून व्यसनात बुडाला, आत्महत्या केली. छळाची पद्धत शिकवणारा मेजर गॉर्डो (विलेम डॅफो) मात्र मोकळा, सुखात. कर्कला त्याला मारायचंय. इथे वडीलधारा माणूस आग घेत नाही, विझवायला बघतो. त्यासाठी टेल आपला आडोसा सोडतो, ला लिंडाच्या (टिफनी हॅडिश) पाठबळावर मोठ्या पोकर स्पर्धांत उतरतो, आणि दीड लाख डॉलर त्या पोराच्या हातात ठेवतो की कर्ज फेड, आईकडे जा. देताना धमकीही देतो, आणि ती धमकी देण्याचं कसब त्याने कुठे शिकलंय हे आपल्याला माहीत असतं. दुसऱ्याचं भलं करायलाही त्याच्याकडे तीच जुनी हत्यारं आहेत. माझ्या दृष्टीने दोन्ही सिनेमांतला हा सगळ्यात जड क्षण. कर्क आईकडे जात नाही.

'मास्टर गार्डनर' (2022) याच माळेतला तिसरा. वंशद्वेषी टोळीतून बाहेर पडून माळी झालेल्या माणसाचा. त्याचा गोंधळ या दोघांशी फारसा होत नाही, बागेमुळे तो वेगळा लक्षात राहतो, आणि मला तो या दोघांइतका घट्ट वाटलाही नाही.

राहिले शेवट. टोलरचं जॅकेट अंगावर असताना मेरी (अमांडा सायफ्रेड), मायकेलची बायको, येऊ नको सांगितलेलं असताना चर्चमध्ये शिरताना दिसते. तो जॅकेट उतरवतो. मग काटेरी तार स्वतःच्या उघड्या अंगाला गुंडाळतो, वर पांढरा झगा, आणि ग्लासात नाल्या साफ करायचं द्रव ओततो. दारात मेरी. ग्लास खाली पडतो. ती दोघं एकमेकांना मिठी मारतात, आणि जवळजवळ सगळा वेळ जागेवर खिळलेला कॅमेरा त्यांच्याभोवती गरगर फिरू लागतो. आणि मध्येच कापल्यासारखा पडदा काळा. हे खरं घडतं की मरणाऱ्याचा भास, श्रेडरने मुद्दाम उघडं ठेवलंय. ज्याला मापच सापडत नव्हतं त्याला माप न विचारता काहीतरी मिळतं, तेही हिंसा हातून घडायच्या आधी.

टेलच्या हातून ती घडते. गॉर्डोकडे गेलेला कर्क मारला गेल्यावर तो स्पर्धेचा शेवटचा डाव सोडून गॉर्डोच्या घरी जातो. दोघं शेजारच्या खोलीत जातात, कॅमेरा तिकडे जात नाही, आपल्याला फक्त आवाज ऐकू येतात. मग टेल स्वतः पोलिसांना फोन करतो. पुन्हा तुरुंग. ला लिंडा भेटायला येते, मध्ये काच, दोन बोटं काचेवर एकमेकांसमोर टेकतात, आणि नामावळी सरकत राहते तरी बोटं तशीच. ब्रेसाँच्या 'पिकपॉकेट'चा (1959) शेवट असाच तुरुंगाच्या गजांतून झालेल्या भेटीवर होतो. श्रेडरने 1980 च्या 'अमेरिकन जिगोलो'तही तो वापरला होता. इथे हालचाल शून्य. काचेमुळे स्पर्श पोचतही नाही, पण हात मागे कोणी घेत नाही. सगळी शिक्षा समोर मांडलेली असतानाही कोणी येऊन बसलंय, हे टेलच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो बोटांचा भाग पुन्हा लाव." मी लावला. नावं संपेपर्यंत ते बघत राहिले, मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता पाद्र्याचा लाव. शेवटचाच."